दाव्याचे दुसरे टोक

मुलांच्या लेखी दिवाळी फटाक्यांनी सुरू होते आणि गृहिणींच्या लेखी चकलीच्या भाजणीने. पण पंचांगाला विचाराल तर ती गोठ्यात सुरू होते. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, सवत्स धेनूची पूजा करावी आणि त्या दिवशी बायकांनी दूधदुभते खाऊ नये असा आपल्याकडे प्रघात आहे. माझी आजी त्याचा अर्थ फार सोपा करून सांगे. "आजचं दूध वासराचं," ती म्हणे. वर्षभर जे आपण हक्काने काढून घेतो, ते मुळात कुणाचे होते याची एक दिवस तरी आठवण ठेवावी, एवढेच तिला म्हणायचे असे. पुढे चार दिवसांनी पाडवा येतो. तो बळिराजाचा दिवस. म्हणजे सणाच्या एका टोकाला जनावर आणि दुसऱ्या टोकाला दान, अशी ही मांडणी आहे. या दोहोंच्या मधे उभा असलेला एक प्रश्न मला गेली पंचेचाळीस वर्षे सोडीत नाही. फराळाचे ताट समोर असताना असला प्रश्न काढणे बरे नव्हे हे मला कळते. पण तो काढायला याहून योग्य दिवसही मला सुचत नाही.

आमचे कडा हे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले, नगर-बीड रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. मुलूख पर्जन्यछायेतला, पाऊस लहरी. नगरहून आष्टीपर्यंत आगगाडी २०२२ साली सुरू झाली आणि २०२५ साली ती बीडला पोचली, याचा आम्हांला कोण आनंद! परंतु दसरा-दिवाळी उलटली की या भागातून माणसांची जी मोठी वाहतूक होते ती आजही ऊसतोडीच्या टोळ्यांचीच. अशा मुलखात शेळी म्हणजे बँक असते. काळी, लांब कानांची उस्मानाबादी शेळी पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळे देते, बाभळीच्या शेंगांवर जगते आणि घरात आजारपण आले की बाजारात उभी राहून औषधाचे पैसे देते. गाय दारिद्र्यात सोबत करील की नाही सांगवत नाही, शेळी करते.

मी तेव्हा नुकता शिक्षक झालो होतो. गावापासून थोड्या अंतरावरच्या एका वस्तीत नगरकडून काही ख्रिस्ती स्वयंसेवक येऊ लागले. तिघे-चौघे होते, दोघे तर कॉलेजातली पोरेच. त्यांनी काही गरीब घरांना एकेक गाभण शेळी दिली, रोगाच्या लसी टोचल्या, गोठा कोरडा कसा ठेवावा ते दाखविले. आणि दर गुरुवारी संध्याकाळी त्याच वस्तीत, एका ओट्यावर, कंदिलाच्या उजेडात त्यांची मंडळी बसे. शुभवर्तमानातला एखादा उतारा वाचायचा, टाळ-मृदंगावर भजन म्हणायचे, मग ज्याने त्याने आपले दुखणे-खुपणे सांगायचे आणि सर्वांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची, असा तो कार्यक्रम. शेळी घेणाऱ्याने मंडळीत आलेच पाहिजे, असे कुणी म्हटले नव्हते. पण येऊ नका असेही कुणी म्हटले नव्हते!

वस्तीत एक बाई होती. आम्ही तिला मावशी म्हणत असू. नवऱ्याने टाकलेली, दोन्ही लेक कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले. तिला शेळी मिळाली आणि ती गुरुवारी ओट्यावर जाऊन बसू लागली. गावात कुजबूज सुरू झाली. 'शेळीपायी बाटली', हे वाक्य मी स्वतः पारावर ऐकले. एके दिवशी मावशी शाळेच्या दाराशी आली आणि म्हणाली, "गुरुजी, बसले तर लोक म्हणत्यात बाटली. न बसावं तर माझंच मन मला खातं. त्यांची शेळी दारात बांधलीय. काय करू, सांगा."

मी वाचलेला माणूस होतो. बुद्धिप्रामाण्याचे वारे अंगात होते. मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "मावशी, शेळी ठेवा आणि बैठक सोडा. दिलं ते दिलं. दानाला देवाची अट कशाला?" उत्तर देऊन मी स्वतःवरच खूष झालो. एका बाईला मी बंधनातून सोडविले, असे मला वाटले.

माझ्या त्या उत्तरात चूक होती का, आणि असेल तर नेमकी कोठे, हे सांगण्याचा आजचा प्रयत्न आहे.

प्रथम माझ्या बाजूचे बोलतो, कारण ती बाजू पोकळ नाही. भुकेल्याच्या पुढे भाकरी आणि धर्मग्रंथ एकाच ताटात ठेवले, तर त्याने उचलले काय आणि गिळले काय, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. नगरला अमेरिकन मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दुष्काळांनी गावेच्या गावे उठविली, तेव्हा मिशनच्या दाराशी आलेल्यांत श्रद्धेने आलेले किती आणि अन्नासाठी आलेले किती, हा प्रश्न खुद्द मिशनऱ्यांनाही पडला होता. सेवेच्या पाठीमागे धर्मांतराचा हेतू असेल तर ती सेवा नको, असे गांधीजींनी मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले. विदर्भ ज्यात होता त्या जुन्या मध्य प्रदेश राज्याने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ साली आपला अहवाल दिला, तोही याच संशयावर उभा होता. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क येत नाही. तेव्हा माझा संशय हा केवळ पारावरचा संशय नव्हता.

आपल्याकडे गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा नाही अशा ठिकाणी दिलेले ते सात्त्विक, परतफेडीवर डोळा ठेवून दिलेले ते राजस. आणि ज्या ग्रंथावर त्या स्वयंसेवकांची श्रद्धा होती, त्या मत्तयाच्या शुभवर्तमानातही उजवा हात दान करतो ते डाव्याला कळू नये, असेच सांगितले आहे. दोन्ही ग्रंथांची साक्ष माझ्या बाजूने होती!

पण कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, की मग श्रद्धावंताने सेवा करताना श्रद्धा काय घरी ठेवून यावी? आमच्याजवळच मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. सावरगावी मायंब्याला मच्छिंद्रनाथांचे स्थान आहे. तेथे पंक्ती उठतात. वाढणारा नाथांचे नाव घेत वाढतो आणि जेवणारा त्या नामघोषात जेवतो. तुझी भाकरी दे, पण नाव घेऊ नकोस, असे आपण त्याला सांगत नाही. सांगितले तर तो म्हणेल, "अहो, नाव घेतो म्हणूनच तर वाढतो!" ज्या ओढीने ती कॉलेजातली पोरे नगरची सुखे सोडून आमच्या फुफाट्यात आली, ती ओढ बाजूला ठेवा म्हणणे म्हणजे दिव्याला, तेल वगळून प्रकाश दे, असे म्हणण्यासारखे आहे.

तेव्हा देणाऱ्याच्या मनात श्रद्धा आहे की नाही, हा प्रश्नच नव्हे. ती असणारच. प्रश्न असा आहे, की दिलेल्या जनावराच्या गळ्यात जे दावे आहे, त्याचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे?

या दाव्याची आम्हां बीडकरांना चांगली ओळख आहे. मुकादम पावसाळ्यात उचल देतो. त्यात देवाचे नाव नसते, भजन नसते, प्रार्थना नसते. नुसता व्यवहार! पण त्या उचलीचे टोक मुकादमाच्या मुठीत असते आणि हंगाम आला की नवरा-बायको मिळून त्या टोकाने ओढली जातात. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षीही ओढली जातात. या बंधनाला आम्ही बाटणे म्हणत नाही. मावशीच्या शेळीची चर्चा करणाऱ्या त्या पारावर उचल घेतलेली किती माणसे बसली होती, हे मी मोजले नाही. मोजायला हवे होते. निधर्मी पैसा मोकळा असतो आणि देवाच्या नावाने आलेला तेवढा बांधून ठेवतो, असे काही नाही. गाठ हेतूत असते आणि हिशेबाच्या वहीत असते.

ही गाठ देणाऱ्यालाही जाणवते, याचे फार बोलके उदाहरण आपल्या नगरातच घडले आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि नगरला मिशनच्या कामात राहिले. ख्रिस्ती मंडळीत भजन आणि कीर्तन आणण्यासाठी झटणाऱ्यांत ते अग्रेसर होते. आमच्या ओट्यावर वाजणारे टाळ-मृदंग हा त्यांचाच वारसा. पण १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही त्यांची कल्पना होती. परक्या पैशाच्या टेकूवर उभी असलेली श्रद्धा आपली होत नाही, हे त्या मानी माणसाला आतून कळले होते. त्यांनी ख्रिस्त सोडला नाही, पगार सोडला. दावे सोडले आणि धनी ठेवला, असे म्हणा हवे तर.

दुसरे उदाहरण घेणाऱ्याचे. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरला, मिस फॅरार यांच्याकडे. मिशनऱ्यांचे ऋण त्या दोघांनी कधी नाकारले नाही; पण दोघेही ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला तो जोतीरावांच्या स्वतःच्या विचारातून. मिळालेली विद्या घेऊन ते आपल्या वाटेने गेले. देणाऱ्यालाही ते जाऊ द्यावे लागले. अशा वेळीच दान खरे होते की सौदा होता, ते कळते.

आणि तिसरे उदाहरण तर आमच्या शेजारचे. आष्टीला लागून जामखेड तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, स्वतः श्रद्धावान. १९७० साली ते जामखेडला आले. गावातल्या, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. पुरुषांसाठी शेतकरी मंडळे आणि बायकांसाठी महिला मंडळे निघाली; शेती, पाणी, जनावरे, कर्ज हे सारे आरोग्याचेच प्रश्न मानले गेले. दलित वस्तीत हातपंप घेतले, म्हणजे पाण्यासाठी सवर्णांना तेथे यावेच लागे. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. पण काम चालू राहिले. त्यांची श्रद्धा झाकलेली नव्हती. मात्र औषध घेणाऱ्याला तुझा देव कोणता असे विचारले जात नव्हते. आरोग्यसेविका जे शिकली ते तिचे झाले. ते तिच्याकडून कोणाला परत मागता येत नव्हते.

एवढे सारे मला पुढे वाचून आणि पाहून कळले. मावशीला उत्तर दिले तेव्हा यातले काहीच माझ्या ध्यानात नव्हते.

माझ्या सांगण्यावरून मावशीने गुरुवार बंद केला. मला वाटत होते की आता शेळी परत मागायला माणसे येतील आणि माझे म्हणणे सिद्ध होईल. माणसे आली. त्यांनी शेळीला लस टोचली, मावशीची ख्यालीखुशाली विचारली, चहा घेतला आणि निघून गेली. बैठकीचा विषयसुद्धा काढला नाही. पुढे सहा महिन्यांनी मावशी मला बाजारात भेटली. मी विचारले, "बरं चाललंय ना?" ती म्हणाली, "शेळी बरी हाय, गुरुजी. पर तुम्ही माझा गुरुवार नेला."

मला काही समजेना. मग तिने जे सांगितले ते असे. नवऱ्याने टाकल्यापासून गावात तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावीत नसे. वस्तीतही तिच्याशी बोलणे म्हणजे कामापुरते. त्या ओट्यावर मात्र दर आठवड्याला कोणीतरी तिला विचारी, "आणि तुमचं कसं आहे?" आणि ती सांगे, आणि वीस माणसे ऐकत. तिच्या लेकांची नावे घेऊन प्रार्थना होई. "देव कुनाचा, ते मला कुठं ठावं?" ती म्हणाली, "पर माझं नाव घेनारं तेवढंच एक ठिकान होतं."

मी शेळीला आमिष समजलो होतो आणि बैठकीला किंमत. तिच्या लेखी शेळी ही शेळीच होती; दान होते ते बैठकीत. मी तिला किंमत चुकविण्यापासून वाचविले असे समजत होतो आणि प्रत्यक्षात तिला मिळालेली मोठी देणगी काढून घेतली होती. आणि हे करताना मी तिला एकदाही विचारले नाही, की मावशी, तुम्हांला तिथे बसावेसे वाटते का? ती काय करू असे विचारीत होती. तिला काय हवे हे मी माझ्या वाचनातून ठरविले. दाव्याचे दुसरे टोक ज्यांच्या हातात आहे असे मी समजत होतो, त्यांच्या हातात ते नव्हतेच. काही काळ ते माझ्या हातात होते.

म्हणून मी संशय टाकून दिला असे मात्र नाही. सगळ्याच मंडळ्या त्या पोरांसारख्या नसतात. देणगीची यादी आणि हजेरीची यादी एकच असलेली ठिकाणे आहेत, आणि ती एकाच धर्माची नाहीत. निवडणुकीच्या तोंडावर वाटलेल्या साड्यांना तर कोणताच धर्म नसतो! तेव्हा कसोटी हवीच. माझ्या पुरत्या मी दोन ठरविल्या आहेत. घेणाऱ्याने नाही म्हटले तर त्याचे काही जाते का? ही पहिली. ती स्वयंसेवकांनी त्या दिवशी चहा पिऊन पार केली. दुसरी मला मावशीनेच शिकविली.

त्या शेळ्यांबरोबर एक नियम होता. पहिली पाट झाली की ती वाढवून दुसऱ्या गरजू घराला द्यायची. हा नियम आमच्या भागातला नव्हे. आपल्याकडे निम्म्या वाट्याने शेळ्या सांभाळायला देतात, त्यात धन्याकडे निम्मी करडे परत येतात. येथे धन्याकडे काहीच परत जात नाही. याचे मूळ अमेरिकेतल्या डॅन वेस्ट नावाच्या एका शेतकऱ्यात आहे. ब्रदरेन नावाच्या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा हा माणूस स्पेनमधल्या यादवी युद्धात, १९३७-३८ च्या सुमारास, निर्वासित मुलांना भुकटीचे दूध वाटीत होता. दूध संपे, रांग संपत नसे. त्याच्या मनात आले, पेला देण्याऐवजी गायच का देऊ नये? १९४४ साली त्याच्या मंडळींनी कालवडींची पहिली खेप पोर्टो रिकोला पाठविली. अट एकच होती, की पहिली कालवड शेजाऱ्याला द्यायची. त्यामागचे कारण मला फार मोलाचे वाटते. घेणारा हात कायम घेणारा राहू नये, त्यालाही कधीतरी वर होता यावे. जो देऊ शकतो तो मिंधा राहत नाही.

मावशीच्या शेळीला जुळे झाले, एक बोकड आणि एक पाट. पाट मोठी झाली. स्वयंसेवकांना वाटत होते की ती बैठकीतल्याच एका घरी जावी. घर गरजू होते, यादीत होते. मावशीने ती दिली भलत्याच घरी. 'शेळीपायी बाटली' हे जिने वस्तीभर केले, त्या बाईला! तिची म्हैस त्या उन्हाळ्यात मेली होती. बैठकीतल्या काहींनी कुरकुर केली, पण त्या पोरांपैकी थोरला हसला आणि म्हणाला, "नियमात घर कोणतं ते लिहिलेलं नाही." दुसरी कसोटी ती हीच. दिलेली वस्तू घेणारा आपल्या मनाने पुढे देऊ शकतो का, अगदी देणाऱ्याच्या पसंतीबाहेरच्या माणसालाही? देऊ शकत असेल, तर दावे सुटले.

त्या पाटीनंतर मावशी पुन्हा गुरुवारी ओट्यावर जाऊ लागली. या वेळी तिने मला विचारले नाही. कपाळीचे कुंकू तिने शेवटपर्यंत ठेवले आणि मढीची यात्राही कधी चुकविली नाही. तिचा धर्म कोणता होता, असे मला कोणी विचारले तर मला सांगता यायचे नाही. आणि तो प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे असे मला आता वाटत नाही.

बळीच्या कथेत वामनाने तीन पावलांत सारे घेतले एवढेच आपण लक्षात ठेवतो. पण कथा पुढे आहे. ज्याने घेतले तो विष्णू सुतलात बळीच्या दाराशी द्वारपाल होऊन राहिला. देणाराही बांधला गेला आणि घेणाराही. बंधन नाही असे दान जगात नसावेच. ते कशाचे असावे, वहीचे की दाराशी उभे राहण्याचे, एवढेच आपल्या हाती आहे.

आता उद्या-परवा शेजारून फराळाचा डबा येईल आणि तो रिकामा परत करायचा नाही म्हणून घरातून दोन करंज्या त्यात पडतील. या रीतीला मी नावे ठेवीत नाही. ती गोड आहे. पण एखाद्या वर्षी, ज्या घराकडून डबा परत येणार नाही अशा घरीही एक पाठवून पाहावा. आणि पाठविला तर दाराशी घटकाभर थांबून विचारावे, "आणि तुमचं कसं आहे?"